छान बसलंय

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

दोन दिवस झाले, हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. मंगळवारी दुपारी संपर्क कार्यालयात साहेबांनी त्यांच्या कार्यअहवालाच्या पान ९ चं, मी जुळवलेलं प्रूफ हातात घेतलं. समोर चार माणसं बसलेली, एक फोन कानाला, चष्मा कपाळावर. कागद एकदा लांब धरला, एकदा जवळ आणला, म्हणाले, "छान बसलंय हो ताई." आणि सही ठोकली.

कुठले साहेब ते लिहीत नाही. नाशिक जिल्ह्यात १५ आमदार आहेत, त्यातले एक समजा.

काम तसं दरवर्षीचंच. कार्यअहवाल, १६ पानं, एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं), मधोमध दोन पिना. सोळाची सतरा होत नाहीत हे गिऱ्हाइकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. वाढवायची तर चार वाढवा, नाहीतर आहे त्यात कोंबा. पहिल्या पानावर मनोगत, मग काँक्रीटचे रस्ते, सभामंडप, दहावी-बारावीचे सत्कार, नेत्रतपासणी, चष्मेवाटप. यंदा त्यात सिंहस्थाच्या आढावा बैठका. यंदा कुणाचाही अहवाल उघडला तरी त्यात घाट असणारच.

पान ९ मात्र निराळं आलं होतं. बाकीचा मजकूर पीएंनी व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी टाकलेला. हा एकच कागद हाताने लिहिलेला. लेटरहेडच्या मागच्या कोऱ्या बाजूला, निळ्या शाईत, साहेबांच्याच अक्षरात. ते अक्षर मी ओळखते, त्यांची शिरोरेषा शब्दाच्या पुढे जाऊन थांबते. वर शीर्षक 'जनसुरक्षा विधेयक आणि आपण', त्याखाली दोन ठिकाणी खाडाखोड.

निम्मा मजकूर सरकारी थाटाचा. विधेयक २०२४ च्या जुलैत आलं, डिसेंबरात पुन्हा मांडलं, मग बावनकुळ्यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांच्या १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या. समितीने 'व्यक्ती' हा शब्द काढून रोख कडव्या डाव्या संघटनांकडे वळवला. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करणार. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सभासद असेल त्याला ३ वर्षांपर्यंत, सभासद नसून मदत करेल त्याला २, प्रत्यक्ष बेकायदा कृत्याला ७. विधानसभेत १० जुलै २०२५ ला मंजूर, दुसऱ्या दिवशी परिषदेत.

मग एक ओळ मोकळी सोडलेली. त्याखाली, 'मी बाजूने होतो.' बस, एवढंच. आणि त्याच्याखाली जे होतं ते असं, की व्याख्येत एक पोटकलम आहे, प्रस्थापित कायदा न पाळण्याला शब्दांनी, कृतीने किंवा दृश्य स्वरूपात उत्तेजन देणं, आणि हे उद्या कुणाला लागू होईल ते मला त्या दिवशी विचारायचं होतं. विचारायचं राहिलं.

हे मी टाइप केलं तेव्हा हात थांबला होता हे खरं. पीएंना फोन करावा का, असंही वाटलं. मग माईचा फोन आला आणि ते राहिलं.

सोमवारी रात्री दहाला पीएंनी सहा फोटो पाठवले. हळदीकुंकवाचे. रथसप्तमीपर्यंत कार्यक्रम चालले, त्यामुळे फोटो उशिरा. सोबत एक ओळ, "ताई, एवढं बसतंय का बघा."

आता इथेच माझं घोडं अडलंय. कुठे बसवा, काय काढा, असं त्यांनी काहीच म्हटलेलं नव्हतं. पान १२ वर चष्मेवाटपाचे चार फोटो आहेत, चारही सारखेच, फक्त आजोबा बदलतात. त्यातले दोन सहज निघाले असते. पान ५ वर एकाच रस्त्याचं भूमिपूजन दोन कोनांतून आहे. मी तिकडे गेलेच नाही. माऊस सरळ पान ९ वर गेला. आधी अक्षर १२ चं ११ केलं, मग १०. ओळींमधली जागा आवळली. तरी सगळे फोटो बसेनात. मग खालचा परिच्छेद निवडला, मोकळ्या ओळीसकट, आणि डिलीट.

पान बोडकं दिसायला लागलं म्हणून शेवटी एक वाक्य घातलं. 'तरी सर्वसामान्य नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही.' हे साहेबांचं नाही. पीएंचंही नाही. माझं आहे. कुठल्या तरी बातमीत वाचलेलं असणार, हाताशी होतं, जागेत बसलं.

का? मला कुणी दम दिला नव्हता. बिल अडवू असंही कुणी म्हटलं नव्हतं. (बिल तसंही गेल्या वर्षीचंच अडकलंय, ते सोडा.) दोन दिवस घोळवून हाती लागलं ते असं, की हळदीकुंकवातल्या एकीचा चेहरा राहून गेला तर सकाळी आठपासून फोन सुरू होतात. 'आमच्या जाऊबाई आहेत, आम्ही नाही.' परिच्छेद राहून गेला तर कुणाचा फोन येणार? लिहिणाऱ्याचा यायला हवा होता. तर लिहिणारा म्हणाला, छान बसलंय.

त्यांना कळलं नाही? की कळलं आणि सुटल्यासारखं झालं? रात्री एकट्याने लिहिलेलं दिवसा चार माणसांसमोर नको वाटलं असेल, तसं असतं माणसाचं. माझ्याच या वहीतली निम्मी पानं मी सकाळी वाचू शकत नाही. पण मग वाटतं, त्यांनी स्वतः काढलं असतं तर ते त्यांचं होतं. काढायची संधीसुद्धा मी त्यांना ठेवली नाही.

प्रूफ काल जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. अण्णा समोरच्या बाजूला. अण्णांनी तीस वर्षं मेन रोडच्या मागच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले, त्यामुळे ते अजून कुठलाही कागद उलट्या बाजूनेच वाचतात. पेपर कुणाच्याही हातात असो, समोर बसून त्यांचा वाचून झालेला असतो. वरण ओढत म्हणाले, "इथलं काय काढलंस?"

मी म्हटलं, कशावरून?

"वरच्या ओळी आवळल्यात आणि शेवटची ओळ ऐसपैस बसलीय. ही मागून आलेली आहे."

सांगितलं सगळं. त्यांनी ऐकलं, ताक मागितलं. मग आणीबाणीत छापखान्यातून प्रूफ तपासायला कसं जायचं, लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन कसं परत यायचं, तेवढे खिळे सोडवून पुन्हा एकेक खणात टाकताना बोटं कशी काळी व्हायची, ते सांगायला लागले. मी हे शंभर वेळा ऐकलंय. आधी काढलेली जागा कोरी ठेवायचे, मग तीही चालेनाशी झाली. नाशिकरोडच्या तुरुंगात कोण कोण होतं, ती यादीही झाली. आणि उठता उठता म्हणाले, "आमच्या वेळी त्या कामाला सरकारने माणूस पगारावर ठेवला होता."

रागच आला. लागलं म्हणून आला. कंबर सकाळपासून धरलेली, डोळ्यांत थेंब घालून मी रात्री एकपर्यंत दुसऱ्यांचे सभामंडप बसवते, चारशे रुपयांच्या दुरुस्तीसाठी तीन फेऱ्या मारते, अहवालावर प्रेसचं नाव येतं, माझं कुठेच नाही, आणि वर हे ऐकायचं. नागरी स्वातंत्र्य काय मी एकटीने सांभाळायचं? १० पॉइंटात?

रात्री अंथरुणावर तपोवनातला तो रविवार आठवला. सिंहस्थात साधूंना उतरायला उभारायच्या साधुग्रामासाठी तिथली सतराशे-अठराशे झाडं जाणार म्हणून गाव जमलं होतं तेव्हा मीही गेले होते, माईच्या मुलीबरोबर. पुठ्ठ्यावरची अक्षरं मीच काढलेली. अक्षर छान आलं म्हणून लोक फोटो काढत होते. मी पुठ्ठा बरोबर तोंडासमोर धरून उभी. कॅमेऱ्यात आपला चेहरा येऊ नये, साहेबांच्या माणसांनी बघू नये, एवढीच चिंता. तेव्हा ते मला हुशारीचं वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. पान ८ वर काळाराम सत्याग्रहाच्या अभिवादनाचा फोटो आहे. त्याची ओळ मीच लिहिली, '२ मार्च १९३० रोजी सुरू झालेला लढा पाच वर्षांहून अधिक काळ चालला.' पान ८ आणि ९ म्हणजे पिनांची पानं, अहवाल उघडला की समोरासमोर येतात. डावीकडे दार उघडा म्हणून पाच वर्षं बसलेली माणसं, उजवीकडे न पाळण्याला उत्तेजन देण्याचं पोटकलम. हा क्रम पीएंनी लावला की साहेबांनी सांगून लावून घेतला, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. आता पोटकलमच नाही, त्यामुळे प्रश्नही नाही. डावीकडे काळाराम, उजवीकडे वाणाची स्टीलची डबी.

तर हे सगळं लिहीत होते आणि मघाशी, सव्वाअकराला, पीएंचा फोन. प्लेटा मारल्या का? म्हटलं, नाही, आर्ट पेपरच उद्या येतोय.

"देव पावला. ताई, पान ९, डावीकडून दुसरा फोटो. तो काढा."

"का? छान आलाय."

"त्यातल्या हिरव्या साडीतल्या वहिनी आहेत ना, त्या आज दुपारी तिकडे गेल्या."

"तिकडे म्हणजे?"

"तिकडे म्हणजे तिकडे. पेपरात येईल सकाळी. त्यांच्या जागी काहीतरी बसवा."

काय बसवू, विचारलं. म्हणाले, तुम्हाला काय ते कळतं, साहेबांचा तुमच्यावर भरवसा आहे. आणि ठेवला.

मी एकटीच हसत बसले. आतून अण्णा ओरडले, काय झालं. म्हटलं, पक्षांतर. "कोणाचं?" मी म्हटलं, हिरव्या साडीचं.

साहेबांचा कागद टाकला नव्हता, कीबोर्डखालीच होता. एका कडेला चहाचा डाग पडलाय, 'विचारायचं राहिलं' वर नाही, त्याच्या थोडा वर. परिच्छेद पुन्हा टाइप केला. 'घाबरण्याचे कारण नाही' काढलं. फोटोच्या जागेत तीन ओळी जास्त होतायत. १२ च्या ठेवल्या तर चार. अक्षर लहान करायचं नाही असं ठरवलंय, बघू. सकाळी नवीन प्रूफ घेऊन जाईन, पान ९ सगळ्यात वर ठेवीन, फोन कानाला नसेल तेव्हाच देईन.

फोटोंभोवती पीएंना हवी म्हणून रांगोळीची बॉर्डर टाकली होती. ती काढली तर दोन ओळी निघतात. उरलेल्या दोन ओळींसाठी आता पान १२ वरचे आजोबा बघते.