तोमोनोउरा : भरतीची वाट पाहणारे बंदर

तोमोनोउरा हे हिरोशिमा प्रांतातील फुकुयामा शहराच्या दक्षिण टोकाला, सेतो आंतरसमुद्राच्या जवळजवळ मध्यावर वसलेले छोटे बंदर आहे. पूर्वेच्या कीई आणि पश्चिमेच्या बुंगो या सामुद्रधुन्यांतून आत शिरणारे भरतीचे पाणी याच परिसरात एकत्र येते आणि ओहोटी लागली की दोन्ही दिशांना परत फिरते. म्हणून शिडाची जहाजे भरतीबरोबर येथवर येत, नांगर टाकून पाणी उलटण्याची वाट पाहत आणि ओहोटी धरून पुढच्या मार्गाला लागत. जहाजे यंत्रावर चालू लागल्यावर थांबण्याचे कारणच उरले नाही; गाव मागे पडले आणि माझ्या मते त्यामुळेच वाचले.

येथे पोहोचणे सोपे आहे. फुकुयामाला शिन्कान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान रेल्वे, थांबते आणि स्थानकाबाहेरून सुटणारी बस साधारण अर्ध्या तासात बंदरावर सोडते. मात्र निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा अवश्य पाहाव्यात आणि शक्यतो ओहोटीच्या सुमारास पोहोचावे. पाणी कितीही चढले-उतरले तरी माल हलवता यावा म्हणून बांधलेल्या दगडी पायऱ्या, म्हणजेच 'गांगी', तेव्हाच पूर्ण उघड्या पडतात. वरच्या पायऱ्या कोरड्या आणि पांढुरक्या, तर खालच्या शेवाळाने हिरव्या व अत्यंत निसरड्या असतात. पाण्याची रेघ दगडावर स्पष्ट दिसते, पण ती पाहायला खाली उतरू नये. शेजारीच १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ उभा आहे.

फुकुझेन्जी मंदिराच्या ताइचोरो या अतिथिगृहात कोरियाचे राजदूत उतरत आणि १७११ साली त्यांनी येथील देखाव्याला जपानात पहिला क्रमांक दिला. खिडकीला खेटून उभे न राहता मागे ताटामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, बसावे. मग खांबांच्या चौकटीत बेंतेन्जिमा आणि सेन्सुइजिमा ही बेटे नीट बसतात. शोगुनची सत्ता उलथवण्यात वाटा असलेला सामुराई साकामोतो र्योमा याच्या लोकांचे 'इरोहा मारू' हे जहाज १८६७ साली कीशू संस्थानाच्या जहाजाशी टक्कर होऊन जवळच बुडाले आणि भरपाईची बोलणी प्रथम याच गावात झाली.

गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला मागे सरावे लागते. त्यावर उपाय म्हणून बंदराचा काही भाग बुजवून पूल बांधण्याची योजना १९८३ साली आखली गेली, परंतु हिरोशिमा जिल्हा न्यायालयाने २००९ मध्ये तिला मनाई केली. पर्यटक म्हणून मला हा निर्णय सुखावतो. रोजची कोंडी सोसणाऱ्या काही रहिवाशांना मात्र पूल हवाच होता.

१६५९ पासून येथे बनणारे होमेइश्यु हे औषधी वनस्पतींचे गोड मद्य चाखून पाहण्यासारखे आहे. शाकाहारी मंडळींनी खाण्याची सोय फुकुयामातूनच करून यावे, कारण येथील मुख्य पदार्थ मासळीचे असतात आणि साध्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. दुकाने लवकर बंद होतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावर पाहून ठेवावी आणि रोख येन जवळ बाळगावेत.