मेंढ्याचा ऱ्हायटन: साचा झाला, गळा जोडला

इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समधल्या प्राणिमुखी चषकांवर, म्हणजे ऱ्हायटनवर, मी काम करतोय, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. मेंढ्याचं डोकं साच्यातून काढून झालं आणि चाकावर घडवलेला गळाही त्याला बसला.

साचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, दोन भागांचा. नाकाच्या रेषेवरून हनुवटीखालपर्यंत चीर घेतली. शिंगं बाजूला वळलेली असल्याने साचा डावा-उजवा उघडला, तरच माती न फाटता सुटते. अथेन्सच्या कुंभारांनी याच रचनेचा काय बहारदार उपयोग केला! त्यांच्या काही चषकांत चेहऱ्याची एक बाजू मेंढ्याची, तर दुसरी गाढवाची. दोन प्राण्यांचे अर्धे-अर्धे साचे एकत्र आणले की झालं. मला हा त्यांच्या कलेतला सर्वांत खट्याळ आणि सर्वांत हुशार प्रकार वाटतो.

सांधा जोडताना दोन्ही कडा सारख्याच ओलसर हव्यात. खरवडून, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून, आतून बोटाने माती दाबत गेलो. कपाळावरच्या लोकरीचे ठिपके ब्रशच्या टोकाने एकेक उठवले. भुवईपाशी ते बारीक होत गेले आणि डोळ्यात एकदम जीव आला.

नाकपुडीशी भोक पाडणार का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. खालून धार सोडणारे ऱ्हायटन असतात, पण अथेन्सच्या मातीच्या प्राणिमुखांत बहुतेकांना भोक नाही. त्यातून कपासारखंच प्यायचं. मात्र नाकाड असं निमुळतं, की भरलेला चषक खाली ठेवायची सोय नाही. हातात घेतला की संपवायचा!

गळ्यावर मद्यपानाची बैठक रंगवणार आहे, लाल आकृत्यांच्या पद्धतीने: आकृत्या मातीच्या रंगात राहतात, मागची जागा काळी भरायची. ते काळं म्हणजे ग्लेझ (काचेसारखा लेप) नव्हे. लोहयुक्त मातीचीच स्लिप, पाण्यात निथळून अतिसूक्ष्म केलेली. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, मग हवा कोंडून साधारण 900 अंश सेल्सिअसपलीकडे न्यायचं. सगळं भांडं काळं पडतं. उतरताना पुन्हा हवा सोडली की अंग लाल होतं, पण स्लिपचा थर वितळून घट्ट बसल्याने काळाच राहतो.

हवा कोंडायची म्हणजे विजेची भट्टी उपयोगाची नाही, म्हणून गॅसच्या भट्टीत जागा मिळवली आहे. त्याआधी याच स्लिपचे नमुने छोट्या फरशांवर भाजून बघेन. थर किती जाड लावायचा हे ज्यांनी करून पाहिलंय, त्यांनी जरूर सांगा.