श्रावणाआधी उघडलेलं कपाट

२४ जुलै २०२५, म्हापसा

चार दिवस ऊन नाही. सकाळी कपाट उघडलं तर कुबट वास आला. खालच्या कप्प्यातल्या दोन ओढण्यांवर पांढरी बुरशी धरली होती. उद्यापासून श्रावण, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आलेली. म्हणून रात्री जेवणं आटपल्यावर सगळं कपाट पलंगावर काढलं. आई दारात येऊन बघून गेली. काही बोलली नाही.

१९ कुर्ते निघाले. सतत घालते ते ५. बाकीच्यांतला एकेक हातात घेऊन तो कुठून आला ते आठवत बसले. तीन आतेबहिणीच्या लग्नातले, दोन ताईने ‘तुला शोभेल’ म्हणून दिलेले, कितीतरी सेलमध्ये ‘स्वस्त मिळतोय’ म्हणून उचललेले. मला आवडला म्हणून आणलेला एक सापडायला बराच वेळ लागला. मी ३६ वर्षांची आहे. माझे कपडे बहुतेक दुसऱ्यांच्या मताने आलेत हे आज पहिल्यांदा इतकं उघड दिसलं, आणि खरं सांगायचं तर रडू आलं.

मग ते पाच कुर्ते शेजारी शेजारी मांडले. पाचही सुती. बाह्या कोपरापर्यंत, लांबी गुडघ्याखाली चार बोटं. रंग मातीचे किंवा निळीचे, चमक कशालाच नाही. म्हणजे माझी आवड होती. मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

२७ जुलै

ज्या कुर्त्यात बसमध्ये जीव घुसमटतो, त्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि समईच्या वातीवर चिमट्याने धरला. तो वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर. सुती कुर्त्याचा धागा कागदासारखा भुरकन जळला, चिमूटभर राख उरली. दुकानात ‘कॉटन’ म्हणून घेतलेले आणखी दोन असेच वितळले.

इतकी वर्षं मला वाटायचं, मला घाम जास्त येतो. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, घाम अंगावरच राहतो. सूत तो शोषून घेतं. गोव्याच्या हवेत आधीच इतकी ओल की घाम वाळायला वाव नसतो. दोष माझ्या अंगाचा नव्हता, कापडाचा होता. हे कुणीतरी शाळेत असतानाच सांगायला हवं होतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

ऑफिसला जाण्याआधी बाजारात गेले. शुक्रवारचा बाजार, त्यात श्रावणाची भाजी, पाय ठेवायला जागा नव्हती. अळूच्या जुड्या घेऊन एक म्हातारी बसली होती. अंगावर तांबड्या-पांढऱ्या चौकटींचं लुगडं, गुडघ्याच्या जरा खाली, आणि पदराची गाठ खांद्यावर. लहानपणापासून बघत आलेय. आज मात्र ती गाठ बघत उभी राहिले. वाकून जुडी उचलताना, पैसे मोजताना, पाटी सरकवताना पदर एकदाही घसरला नाही. चिखलात उतरून लावणी करणाऱ्या बाईला दोन्ही हात मोकळे लागतात, काठ भिजून चालत नाही. गाठ आणि लांबी दोन्ही त्या कामातून आलेली आहेत.

हीच ती कुणबी साडी. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये ती नव्याने मांडली. त्यांचं घर इथून जवळच, कोलवाळला. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या कामाचे फोटो रात्री बराच वेळ बघितले. साधेपणा, सुटसुटीत रेषा, अंगावर ओझं नाही. गोव्यात राहणाऱ्या माणसाने गोव्याच्या हवेचा विचार करून केलेले कपडे आहेत ते.

मला ती साडी हवीशी वाटते. पण खांद्यावर गाठ मारून ऑफिसच्या समारंभात जायला मन घेत नाही. त्या बाईच्या कष्टाची खूण मी नटायला वापरल्यासारखी होईल. चौकटी आवडतात, त्या विणणाऱ्याला दाम मिळावा, आणि नेसताना मी माझ्या रोजच्या पद्धतीने नेसावी, इथवर माझं मत झालंय. याहून पुढचं अजून ठरत नाही.

७ ऑगस्ट

आज हातमाग दिवस. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ पुकारली गेली, त्या आठवणीत २०१५ पासून पाळतात. पणजीत ऑफिस सुटल्यावर हातमागाच्या कापडाच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी काठ उजेडात धरून दाखवला. विणताना कापड ताणून धरायची आडवी पट्टी काठात रुतते, तिची बारीक भोकं ओळीने दिसतात. धागा कुठे जाड, कुठे बारीक. चौकटी छापलेल्या नाहीत, उभ्या ताण्यातले आणि आडव्या बाण्यातले रंगीत धागे एकमेकांवरून जाऊन झालेल्या. म्हणून उलट बाजूही तशीच.

चवथीसाठी तांबड्या बारीक चौकटींचं तीन मीटर घेतलं. अडीच पुरलं असतं, पण बाजूच्या शिवणीवर चौकट चौकटीला भिडवायची तर कापड जास्त लागतं, हे त्यांनीच सांगितलं.

१० ऑगस्ट, रविवार

कापड आधी भिजवून, वाळवून नेलं, आटायचं ते आटून गेलं. वाळायला दीड दिवस लागला, पंख्याखाली.

टेलरकाकांकडे चवथीची गर्दी. तरी त्यांनी वेळ दिला. माझा आवडता कुर्ता उलटा करून टेबलावर पसरला आणि खांद्याची शिवण बोटाने दाखवली. ती बरोबर खांद्याच्या हाडावर बसते, म्हणून तो मला चांगला दिसतो. कंबर आत-बाहेर करता येते, बाही आखूड करता येते. खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, चुकला तर सगळं उसवावं लागतं. तयार कपडा घेताना मी आजवर फक्त कमरेकडे बघायचे.

दोन्ही बाजूंना खिसे सांगितले. ‘बायकांच्या कुर्त्याला दोन?’ म्हणाले. सांगितलं, बसमध्ये एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने दांडी धरायची, तर सुटे पैसे आणि फोन कुठे ठेवू? ते हसले, टेपने माझ्या तळव्याची लांबी मोजली आणि वहीत लिहून घेतली. मग आरशासमोर कापड माझ्या खांद्यावर टाकून म्हणाले, ‘बाय, हें तुका बरें दिसता.’

मलाही तसंच वाटत होतं. त्यांनी म्हणायच्या आधीपासून.

२२ तारखेला मिळेल. ताईला विचारून ते चौदा कुर्ते वाटून टाकायचे आहेत. ओढण्यांची बुरशी व्हिनेगरने गेली.