तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ओल्ड व्हाइन्स’ म्हणजे किती जुन्या?

कोणाचा मुलगा मेलबर्नहून येतो, कोणाची बहीण दुबईच्या ड्यूटी फ्रीमध्ये उभी असते, आणि माझ्या फोनवर बाटलीच्या लेबलचा फोटो येऊन पडतो. खाली ठरलेला प्रश्न: “दादा, याच्यावर ‘ओल्ड व्हाइन्स’ लिहून आहे. म्हणजे जुनी मुरलेली असते काय? घेऊ?” वर्धेच्या नातेवाइकांचेही फोटो येतात. तो जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा त्यांची चौकशी निव्वळ ज्ञानासाठी असते असं समजून चालायचं.

तर, मुरण्याशी या शब्दांचा काही संबंध नाही. लेबलवर २०२१ छापलं असेल तर द्राक्षं २०२१ च्या हंगामाची. ‘ओल्ड व्हाइन्स’ हे वय वेलीचं. कालपरवाची ताजी वाइनसुद्धा शंभरी गाठलेल्या वेलीची असू शकते. फ्रेंच बाटलीवर ‘व्हिएय व्हिन्य’, जर्मन बाटलीवर ‘आल्टे रेबेन’ दिसलं तर तेही हेच. स्पेनचं ‘रेझेर्व्हा’ मात्र वेगळं; ते वाइन पिंपात आणि बाटलीत किती काळ ठेवली त्याबद्दल.

आता जुन्या म्हणजे किती? इथेच गोम आहे. बहुतेक देशांत या शब्दांवर कायद्याचं बंधन नाही. वीस वर्षांच्या वेलीवर कोणी छापलं तरी हटकणारं कोणी नसतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: विशेषणाचे पैसे देऊ नका, लेबल उलटसुलट करून आकडा शोधा.

आकडा देणारे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्याने २००९ मध्ये आपणहून पायऱ्या ठरवल्या: ३५ वर्षांपुढे ‘ओल्ड’, ७० पुढे ‘सर्व्हायव्हर’, १०० पुढे ‘सेंटेनेरियन’, १२५ पुढे ‘अँसेस्टर’. शेवटची पायरी केवळ शोभेची नाही. फ्रान्सच्या बागा १८६० नंतर फायलॉक्सेरा नावाच्या, मुळं पोखरणाऱ्या किडीने झोपवल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पोचलीच नाही. तिथली शिराझ या काळ्या द्राक्षाची एक बाग १८४३ ची मानली जाते आणि अजून फळ देते. दक्षिण आफ्रिकेच्या काही बाटल्यांवर ‘सर्टिफाइड हेरिटेज व्हिनयार्ड्स’ असा छोटा शिक्का असतो, ३५ वर्षांपुढच्या बागांसाठी, आणि त्यावर लागवडीचं सालच छापलेलं असतं. असा शिक्का फोटोत दिसला की मी पुढे काही विचारत नाही, घ्या म्हणतो.

२०२४ मध्ये ओआयव्ही या द्राक्षवेल आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही ३५ चाच आकडा धरला. बागेतल्या निदान ८५ टक्के वेली तेवढ्या वयाच्या हव्यात. त्यातली एक अट काटोल-नरखेडच्या माणसाला समजवावी लागत नाही: कलमाचा सांधा ३५ वर्षं न हललेला हवा. आपण जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो, तसंच. खुंट कितीही जुना असो, त्यावर डोळा काल बांधला तर झाड कालचं.

मग जुन्या वेलीची वाइन चांगली असते का? वेल म्हातारी झाली की घड कमी धरते, मुळं खोल गेलेली असल्याने कोरड्या वर्षात कमी गळाठते, जाड खोडात साठाही बराच असतो. पण कमी घड तर विरळणी करून तरण्या वेलीवरही ठेवता येतात. मला खरं कारण वेगळंच वाटतं. वेल उत्पन्नात घटली की शेतकरी ती उपटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर १९८० च्या दशकात सरकारनेच वेली उपटायला पैसे दिले. इतकं होऊन जी बाग कोणी राखली, ती मुळातच चांगल्या जागेची आणि मालकाच्या जिवाची असणार. श्रेय वयाला मिळतं, काम जमिनीचं असतं.

तरी वयाला अगदीच मोडीत काढू नका. फ्रान्सच्या बर्गंडीतलं कोंत जॉर्ज द व्होग्युए हे वाइनचं घराणं आपल्या म्युझिन्यी या नामांकित बागेतल्या २५ वर्षांखालच्या वेलींचा माल ‘म्युझिन्यी’ नावाने विकत नाही. एक पायरी उतरवून, कमी भावात देतं. तिथल्या पांढऱ्या द्राक्षांच्या वेली नव्याने लावल्यावर तर १९९३ नंतर थेट २०१५ च्या हंगामालाच त्यांनी ते नाव परत दिलं. स्वतःचं नुकसान सोसून पाळलेला नियम मला कुठल्याही शिक्क्याहून पटतो.

नाशिकचं काय, हेही विचारता. तिथल्या सुला या वाइन कंपनीने पहिल्या वेली लावल्या १९९७ मध्ये. म्हणजे त्यातल्या ज्या टिकतील त्या पस्तिशीला पोचणार २०३२ मध्ये. आणि टिकणं सोपं नाही, कारण आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, वर्षभर कामच.

आणि हे न विचारता सांगतो: ती मेलबर्नची बाटली मे महिन्यात दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये उभी करू नका. पंचेचाळीस डिग्रीत वेल १२५ वर्षांची असली काय नि पाच वर्षांची असली काय, चव शिजवल्यासारखीच लागते. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, आणि पाहुणे येण्याची वाट न बघता दिवाळीपर्यंत उघडा.