नळी कुठे जोडली होती

माल्टातल्या एका डायव्हिंग केंद्रात गॅस मिसळून सिलिंडर भरणे आणि खोल बुड्यांच्या दिवशी बोटीवर राखीव डायव्हर म्हणून तयारीत बसणे, हे माझे काम आहे. तारकर्लीला पर्यटकांचा हात धरून दहा मीटरांवर मासे दाखवायचो तेव्हा गॅसचा हिशेब म्हणजे टाकीतला दाब दाखवणारा काटा पन्नास बारवर आला की वर यायचे, एवढाच असे. येथे तो आदल्या संध्याकाळी कागदावर मांडला जातो आणि त्यावरून वाद होतात. ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे त्याच्या आदल्या संध्याकाळचा वाद एका टाकीच्या आकारावरून झाला होता.

आमचे खोल जाणारे पाहुणे रिब्रीदर नावाचे श्वासयंत्र वापरतात; त्यात डायव्हरने सोडलेला श्वास पाण्यात जात नाही. तो सोडालाइमच्या डब्यातून फिरतो, तेथे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, खर्ची पडलेला ऑक्सिजन भरून निघतो आणि तीच हवा पुन्हा छातीत जाते. सोडालाइम म्हणजे बहुतांशी आपण तंबाखूत मळतो तोच चुना, फक्त दाणेदार. हे यंत्र बिघडले तर उघड्या पद्धतीने, म्हणजे टाकीतून घेतलेला श्वास पाण्यात सोडत, वर येण्याइतका गॅस वेगळ्या टाक्यांमध्ये सोबत न्यावा लागतो आणि त्यालाच बेलआउट म्हणतात. शंभरातल्या नव्याण्णव बुड्यांमध्ये या टाक्या भरलेल्या जातात आणि भरलेल्याच परत येतात. त्यामुळे त्या ओझे वाटू लागतात आणि लहान टाकीचा मोह होतो.

बुडी ‘ल पोलिनेझियाँ’ या फ्रेंच प्रवासी जहाजावर होती. 10 ऑगस्ट 1918 रोजी यूसी-22 या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालेले हे जहाज माल्टाच्या किनाऱ्याजवळ साठ मीटरांहून अधिक खोलीवर पडून आहे आणि त्यावर बुडी मारायची तर हेरिटेज माल्टा या संस्थेची परवानगी लागते. तिघे पाहुणे होते, तिघांकडे रिब्रीदर होते. साठ मीटरांवर पंचवीस मिनिटे आणि मग टप्प्याटप्प्याने वर, असा बेत ठरला होता. त्यांच्यातल्या सर्वांत अनुभवी गृहस्थांनी खालच्या बेलआउटसाठी सात लिटरची टाकी मागितली. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. शांत माणसाला मिनिटाला वीस लिटर लागतात. साठ मीटरांवर दाब सात बार, म्हणजे तेथे एक मिनिट थांबल्याचे एकशे चाळीस लिटर. पुढे एकवीस मीटरांपर्यंत साडेचार मिनिटे, सरासरी पाच बार धरून साडेचारशे. सगळे मिळून सहाशेच्या आत. सात लिटरच्या टाकीत दोनशे बारला चौदाशे लिटर मावतात, मग अडचण कोणती?

अडचण ‘शांत’ या शब्दाची होती. रिब्रीदर सोडून घाईने बेलआउटवर जाण्याचे एक मोठे कारण चुना निकामी होणे हे असते. तेव्हा डायव्हरच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि स्वच्छ गॅस मिळाल्यावरही धाप कित्येक मिनिटे बसत नाही. मी पहिली तीन मिनिटे पंचेचाळीस लिटरने धरली, म्हणजे नऊशे पंचेचाळीस. आणि वर येतानाची पाच मिनिटे पस्तीसने धरून आणखी आठशे पंच्याहत्तर. बेरीज अठराशे वीस झाली. अकरा लिटरच्या टाकीत बावीसशे मावतात. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, “तुमच्या समाधानासाठी मोठी टाकी नेतो.”

मिश्रणाबद्दल मतभेद नव्हते. अठरा टक्के ऑक्सिजन आणि पंचेचाळीस टक्के हेलियमचा गॅस घनतेने साठ मीटरांवर लिटरला साडेपाच ग्रॅमांच्या वर जातो, तर पंधरा आणि पंचावन्नचा पाच ग्रॅमांच्या आत राहतो. अँथनी आणि मिचेल या संशोधकांनी 5.2 ग्रॅमपर्यंत राहण्याची शिफारस केली आहे आणि 6.2 ही कमाल मर्यादा सांगितली आहे. दाट गॅस ओढताना आणि सोडताना छातीला कष्ट पडतात, आणि धापेत तर हा फरक फार जाणवतो. रात्री मी एकशे दहा बार हेलियम, त्यावर चौदा बार ऑक्सिजन आणि वर दोनशेपर्यंत हवा अशी टाकी भरली. गरम टाकी थंड झाल्यावर काटा खाली येतो म्हणून सकाळी पुन्हा भरून दोनशेवर आणली, गॅस तपासला, मिश्रण लिहिलेली पट्टी चिकटवली, सही केली. एकवीस मीटरांपासून वर वापरायची पन्नास टक्के ऑक्सिजनची टाकीही तशीच तयार केली. माझ्या दृष्टीने काम चोख झाले होते.

समुद्र त्या दिवशी तेलासारखा होता. रिब्रीदरवाले खाली असले की बोटीवर बसणाऱ्याला पाण्यावर काहीच दिसत नाही, कारण बुडबुडेच नसतात. कंटाळवाणे, पण चांगले लक्षण. विसाव्या मिनिटाला दोरापासून थोड्या अंतरावर पाणी पांढरे झाले. आधी वाटीएवढे, मग परातीएवढे, आणि मग भाताच्या पातेल्यासारखे ते उकळू लागले. साठ मीटरांवरून बुडबुडे वर यायला काही मिनिटे लागतात, म्हणजे मी जे पाहत होतो ते घडून गेलेले होते. संकटाची खूण म्हणून खालून सोडतात तो पिवळा फुगा वर येण्याआधीच मी दोन टाक्या अडकवून पाण्यात होतो.

ते अनुभवी गृहस्थ आणि त्यांचा एक सोबती मला एकवीस मीटरांवर भेटले. सोबत्याने त्यांच्या खांद्याचा पट्टा एका हाताने घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतला गॅस श्वासाला देणारा तुकडा, दाबून धरला होता. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. काट्यावर पंचावन्न बार होते. पन्नास टक्क्यांच्या गॅसवर त्यांना घेतल्यावर दोन-तीन मिनिटांनी श्वासांमधले अंतर वाढले आणि त्यांनी स्वतःहून घड्याळाकडे पाहिले. वरचे थांबे आम्ही पूर्ण केले. बोटीवर त्यांना ऑक्सिजन दिला; संध्याकाळपर्यंत डोके ठणकत होते, याहून अधिक काही झाले नाही.

टाक्या उतरवताना मी सवयीने सगळे काटे वाचले आणि एका काट्यावर थांबलो. पाठीवरच्या तीन लिटरच्या डायल्युअंटच्या टाकीत शून्य होते. डायल्युअंट म्हणजे रिब्रीदरच्या फिरत्या हवेत खोली वाढते तशी भर घालणारा गॅस. तो एवढा संपायला नको. मग मी माउथपीसपासून निघणारी नळी हाताने चाचपत मागे गेलो. त्यांच्या माउथपीसला बेलआउटची कळ होती, म्हणजे तोंडातून काहीही न काढता कळ फिरवली की उघड्या गॅसवर जाता येते. धापेत माणूस एक क्षणही श्वास रोखू शकत नाही, म्हणून ही कळ अमूल्य. पण ती नळी माझ्या अकरा लिटरच्या टाकीला जोडलेलीच नव्हती. ती त्या तीन लिटरच्या टाकीला जोडलेली होती.

पुष्कळ जण तसेच जोडतात. डोके ठिकाणावर येण्यापुरते दोन-चार श्वास तेथून घ्यायचे आणि मग मोठ्या टाकीचा रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, असा त्यामागचा विचार असतो. पण साठ मीटरांवर पंचेचाळीस लिटरचा श्वास म्हणजे मिनिटाला तीनशे पंधरा लिटर, आणि त्या टाकीत तेव्हा जेमतेम दीडशे बार, म्हणजे साडेचारशे लिटर शिल्लक होते. दीड मिनिटाच्या आत ती संपली आणि धाप ऐन भरात असताना त्यांना माउथपीस सोडावे लागले. सोबत्याने नंतर सांगितले की ते सोडायला तयार नव्हते; रिकाम्या नळीतून ओढत राहिले होते. त्याने कळ बंद करून माउथपीस ओढून काढले आणि अकरा लिटरचा रेग्युलेटर त्यांच्या दातांत बसवला. एक घोट पाणी आत गेले असेल-नसेल, एवढेच अंतर होते.

मी बेरीज केली. डायल्युअंटचे साडेचारशे आणि मोठ्या टाकीचे एकशे पंचेचाळीस बार, म्हणजे जवळपास सोळाशे लिटर. एकूण दोन हजारांवर. सात लिटरची टाकी वाटेतच संपली असती हे खरे, पण माझाही अंदाज सव्वादोनशे लिटरने तोकडा पडला होता. मनाला त्याहून जास्त लागले ते वेगळेच. आदल्या संध्याकाळी आम्ही लिटरांवरून अर्धा तास भांडलो आणि नळी कुठे जाते हे मी एकदाही विचारले नाही. पट्टीवर सही करताना तपासलेला गॅस माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचतो का, हे माझ्या यादीत नव्हते. ग्राहकाचे यंत्र ग्राहकाचे, आपण त्याला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे शिस्त आहे आणि ती मला तोपर्यंत योग्य वाटत होती.

रात्री त्यांनी चुन्याचा डबा उघडला. प्रवासात दाणे एका बाजूला दबले होते आणि दुसऱ्या कडेला बोट जाईल एवढी फट पडली होती. हवेला तीच वाट सोपी पडली असणार. त्यांनी ती फट बराच वेळ पाहिली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्रेसरजवळ आलो तेव्हा ते पायरीवर बसून पाना चालवत होते आणि माउथपीसची नळी त्यांनी सुटी केली होती. अकरा लिटरच्या टाकीपर्यंत पोहोचेल एवढी लांब नळी आणि पाण्याखाली लावता-काढता येईल असा जोड माझ्याकडे आहे का, असे त्यांनी विचारले. जोड होता. नळी वीतभर आखूड पडत होती, म्हणून आम्ही दोघे मिळून दुसरी शोधू लागलो.