गर्दी टाळून वाट निवडताना

आजचा दिवस आल्प्सचे नकाशे पसरण्यातच गेला. माँ ब्लांची गूते वाट, मॅटरहॉर्नची हॉर्नली धार, इथे जुलै-ऑगस्टमध्ये रांगा. शांतता हवी असेल तर 4000 मीटरचा हट्ट सोडा. 3600-3800 ची, केबल कारपासून लांबची शिखरं बघा, जिथल्या हटपर्यंतच (डोंगरातल्या मुक्कामाच्या निवाऱ्यापर्यंत) 4-5 तासांची चाल आहे.

पण ग्रेड (वाटेच्या अवघडपणाची श्रेणी) सोपी दिसली म्हणून फसू नका. गाजलेल्या वाटेवरचे बरेचसे सुटे दगड हजारो पायांनी केव्हाच खाली गेलेले असतात. या शांत वाटांवर प्रत्येक पकड आधी हाताने ठोकायची. पोकळ आवाज आला की सोडायची. हिमनदीवर मळलेली वाट नसते, भेगा आपणच हुडकायच्या. दोघेच असाल तर मधे 12-15 मीटर दोर, त्यात गाठी, म्हणजे कुणी भेगेत गेलं तर दोर बर्फाच्या कडेत रुतून अडकतो. उरलेला दोर दोघांच्या सॅकमध्ये, प्रुसिक (दोरावर चढायला लागणारे, ताण आला की आवळणारे दोरीचे फास) आधीच बांधलेले. (तिघं असाल तर जीव बराच हलका.)

रॅपेलच्या (दोरावरून खाली उतरायच्या) जागी जुन्या, उन्हाने कुजलेल्या स्लिंग (खडकाला बांधलेले पट्टे) सापडतील. त्यांच्यावर लटकू नका. 6 मिमीची 5-6 मीटर दोरी आणि चाकू जवळ हवाच. मोबाइलची रेंज धरू नका, सॅटेलाइट मेसेंजर घ्या. आणि परत फिरायची वेळ हटवरच ठरवा, कारण दुपारी भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात.