दोन वर्षांची मुदत आणि 16 सप्टेंबर

2025 च्या 22 सप्टेंबरला काकू ऑफिसात आल्या तेव्हा टेबल ऑडिटच्या फायलींनी भरलेलं होतं. रिटर्नची मुदत 16 तारखेलाच संपली होती. पिशवीतून 70 लाखांच्या एफडीची पावती काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. “एक पैसा मोडला नाही रे. सगळं नव्या घरासाठीच ठेवलंय.”

डोंबिवलीतला दुसरा फ्लॅट त्यांनी जानेवारी 2025 मध्ये 70 लाखांना विकला. 2001 च्या दिवाळीत घेतलेला, 6 लाखांना. आता मुलीजवळ, कोथरूडला जायचं होतं. इंडेक्सेशन धरलं, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे (100 वरून 363) खरेदीची किंमत वाढवली, तर नफा 48 लाख 22 हजार आणि कर 20 टक्के. न धरलं तर 64 लाखांवर साडेबारा टक्के. दुसरा हिशेब स्वस्त, तरी 8 लाख आणि वर सरचार्ज, सेस.

हा कर लागायलाच नको होता. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 54 खाली दोन वर्षांत दुसरं घर घेतलं की सूट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर नफ्याची रक्कम ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम’च्या खात्यात जायला हवी. साधी एफडी चालत नाही. त्या योजनेतलं ‘टाइप बी’ खातं म्हणजे मुदत ठेवच! पैसे फ्लॅटचे आहेत हे बँकेतल्या माणसाला काकूंनी स्वतः सांगितलं होतं. त्याने ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर सांगितला आणि सह्या घेतल्या. या बेफिकिरीची मला चीड येते.

नफा 54 ईसीच्या करबचत बाँडमध्ये गुंतवायचे सहा महिनेही जुलैतच सरले होते. लगेच घर घेऊन 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरावं, तर काही हायकोर्टांनी तेवढी सवलत दिली आहे; मुंबई हायकोर्टाचा 2016 चा निकाल मात्र कडक आहे. काकू म्हणाल्या, “या वयात नोटिशींमागे धावणं नको.”

मग हळूच विचारलं, “म्हणजे फक्त खातं चुकलं?”

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला होता. “दोन वर्षं मुदत असते ना रे?” मी “हो, असते” म्हणालो आणि दुसरा फोन घेतला. पुढचं वाक्य सांगायचं राहिलं. ते मी आता त्यांना सांगितलं.

“तू घाईत होतास,” एवढंच म्हणाल्या. शुक्रवारी कराचं चलन भरायचं आहे. कोथरूडला आता वन बीएचके बघतायत.